प्रिंटर कॉम्प्युटरला जोडला जात नाही? दुकानात न्यायच्या आधी घरीच एवढं तपासा

(तालुका प्रतिनिधी)

सातबारा, आठ-अ, पीक विम्याची पावती, मुलांचे दाखले, बचत गटाचे ठराव, अशा एक ना अनेक कागदांसाठी आता गावागावांत लोकांनी घरीच प्रिंटर घेतले आहेत. सरकारच्या पोर्टलवरून १५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा निघतो, तो घरी छापला की तलाठी कार्यालयाची एक फेरी वाचते. पण नेमकी गरज पडते त्या दिवशी प्रिंटर "ऑफलाइन" दाखवतो. खरीप पीक विम्याची मुदत बहुतेक वर्षी ३१ जुलैला असते, आणि ३० तारखेला रात्री प्रिंटर रुसून बसतो. मग माणूस प्रिंटर पोत्यात गुंडाळतो, मोटारसायकलवर बांधतो आणि तालुक्याला नेतो. दुकानदार केबल लावतो, दोन बटणं दाबतो, प्रिंट निघते. जायचा-यायचा खर्च, दुकानदाराची मजुरी आणि एक दिवस, तिन्ही गेलं.

यात समजून घ्यायची गोष्ट एकच आहे. अशा वेळी प्रिंटर बिघडलेला असतोच असं नाही. पुष्कळदा प्रिंटर आणि कॉम्प्युटर यांच्यामधली वाट तुटलेली असते. विहिरीतली मोटर बंद पडली तर आपण लगेच मोटर वर काढत नाही. आधी डीपीवरचा फ्यूज बघतो, तिन्ही फेज आहेत का बघतो, स्टार्टर बघतो, केबल बघतो. मोटर वर काढायची पाळी सगळ्यात शेवटी येते. प्रिंटरचंही तसंच क्रमाने बघायचं. खाली तो क्रम दिला आहे. तुमच्याकडे विंडोज १० किंवा ११ असलेला कॉम्प्युटर आहे असं धरून लिहिलं आहे.

पहिली तपासणी : प्रिंटर एकटा चालतो का?

तुमच्या प्रिंटरला वर झाकण आणि काच असेल, म्हणजे झेरॉक्सची सोय असेल, तर काम सोपं आहे. कॉम्प्युटरची केबल काढून टाका. काचेवर एखादा छापील कागद ठेवा आणि कॉपीचं बटण दाबा. झेरॉक्स निघाली तर प्रिंटर धडधाकट आहे. कागद ओढतो, शाई येते, मशीन चांगलं आहे. दोष पुढे जोडणीत किंवा कॉम्प्युटरमध्ये शोधायचा.

झेरॉक्स निघाली नाही, लाल किंवा केशरी दिवा लुकलुकतो, कागद अडकतो, असं असेल तर तो जोडणीचा प्रश्न नाही. आधी कागद, शाई, झाकण नीट बघा. तिथेच भागत नसेल तर मग मेकॅनिक.

नुसता प्रिंट काढणारा लेझर प्रिंटर असेल तर झेरॉक्सची सोय नसते. अशा वेळी शेजाऱ्याचा लॅपटॉप आणून जोडून बघता येतो. त्याच्यावर चालला तर दोष तुमच्या कॉम्प्युटरमध्ये, त्याच्यावरही नाही चालला तर केबल किंवा प्रिंटर. मात्र त्याच्या लॅपटॉपमध्ये तुमच्या प्रिंटरचा ड्रायव्हर असायला हवा, नाहीतर ही तपासणी खोटी ठरते.

लाईटचा प्रश्न आधी

आपल्याकडे निम्मे घोळ लाईटीचे असतात. लेझर प्रिंटरच्या आत कागदावर पावडर पक्की बसवणारा गरम रोलर असतो. तो तापताना एकदम जास्त वीज ओढतो. कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर किंवा घरच्या लहान इन्व्हर्टरवर लेझर प्रिंटर लावला की यूपीएस ट्रिप होतो किंवा प्रिंटर मध्येच बंद-चालू होतो, आणि कॉम्प्युटरला वाटतं प्रिंटर निघून गेला. म्हणून लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, सरळ भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावा. इंक टँकचा प्रिंटर मात्र छापताना एक-दोन एलईडी बल्बएवढीच वीज घेतो, तो इन्व्हर्टरवर चालतो.

लाईट जाऊन आली असेल तर सगळं एकदा बंद करा. प्रिंटरचा प्लग काढून मिनिटभर थांबा. मग आधी राउटर (असेल तर), मग कॉम्प्युटर आणि तो पूर्ण चालू झाल्यावर प्रिंटर, असा क्रम ठेवा. एचपी लेझरजेट १०२० सारखे जुने प्रिंटर चालू झाल्यावर आपलं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरकडूनच घेतात, त्यांच्यासाठी हा क्रम जास्तच महत्त्वाचा.

आणखी एक. विंडोजमध्ये "शट डाउन" केलं तरी कॉम्प्युटर बऱ्याचदा पूर्ण कोरा होत नाही, लवकर चालू व्हावा म्हणून काही गोष्टी जपून ठेवतो. "रिस्टार्ट" केलं की खरोखर नव्यानं सुरू होतो. त्यामुळे प्रिंटरची अडचण असेल तेव्हा शट डाउन नको, रिस्टार्ट करा.

केबलचा प्रिंटर असेल तर

प्रिंटरची यूएसबी केबल म्हणजे एका बाजूला पेन ड्राइव्हसारखं चपटं टोक आणि दुसऱ्या बाजूला चौकोनी टोक. ती काढा आणि परत लावा, आणि कान देऊन ऐका. स्पीकरचा आवाज चालू असेल तर यूएसबीला काही लावलं की विंडोज "टुंग" असा आवाज देतं.

आवाज आला : केबल चांगली, पोर्ट चांगला, कॉम्प्युटरला प्रिंटर लागल्याचं कळतंय. दोष ड्रायव्हरमध्ये किंवा सेटिंगमध्ये.

आवाज आला नाही : दुसऱ्या पोर्टला लावा. डेस्कटॉप असेल तर पुढच्या बाजूपेक्षा मागच्या बाजूचे पोर्ट जास्त भरवशाचे. मध्ये यूएसबी हब किंवा जोडवायर असेल तर ती काढून सरळ कॉम्प्युटरला लावा. तरीही आवाज नाही तर केबल बदलून बघा. शेजाऱ्याची मागून आणली तरी चालते, ही केबल बहुतेक प्रिंटरना सारखीच असते. विकत घ्यायचीच झाली तर ५ मीटरपेक्षा लांब घेऊ नका. साधी यूएसबी त्याच्या पुढे भरवशानं चालत नाही. दीड मीटरची पुष्कळ झाली.

केबल भिंतीकडून, कपाटाच्या मागून गेलेली असेल तर ती पूर्ण लांबीवर हात फिरवून बघा. उंदरानं कुरतडलेली केबल वरवर बघून कळत नाही. धान्याची पोती आणि कॉम्प्युटर एकाच खोलीत असेल तर हे आधी तपासा.

प्रिंटर नवीन असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. पुष्कळ कंपन्या सांगतात की आधी सॉफ्टवेअर टाका आणि ते "आता केबल लावा" म्हणेल तेव्हाच केबल लावा. आपण खोक्यातून काढतो आणि आधी केबलच लावतो. मग विंडोज आपल्या मनानं अर्धवट ड्रायव्हर टाकतं आणि तिथून गोंधळ सुरू होतो.

एकाच प्रिंटरची दोन नावं

आता कॉम्प्युटरकडे वळू. सेटिंग्ज उघडा. विंडोज ११ मध्ये "ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस" आणि विंडोज १० मध्ये "डिव्हाइसेस" असं दिसेल. त्यात "प्रिंटर्स अँड स्कॅनर्स" वर जा. तिथं तुमच्या प्रिंटरचं नाव असायला हवं.

तिथं पुष्कळदा एकच प्रिंटर दोनदा दिसतो. एक साधं नाव आणि दुसऱ्या नावापुढं कंसात "कॉपी १". हे का होतं? काल केबल एका पोर्टला होती, आज साफसफाई करताना दुसऱ्या पोर्टला लावली. विंडोजला वाटलं हा दुसराच प्रिंटर आला. मग तुम्ही जुन्या नावावर प्रिंट देत राहता आणि ते कायम ऑफलाइन. केबल पहिल्या पोर्टला परत लावली तरी काम होतं, किंवा नव्या नावावर प्रिंट द्या. काम झालं की जे नाव चालत नाही ते "रिमूव्ह" करून टाका. केबल कोणत्या पोर्टला लावायची तिथं पेननं खूण किंवा टिकली लावून ठेवा.

दुसरी गोष्ट डिफॉल्ट प्रिंटरची. प्रिंट दिली की फाइल कुठं सेव्ह करायची असं विचारतो, कागद काही निघत नाही, अशी तक्रार असते. त्याचं कारण म्हणजे "मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ" हा डिफॉल्ट होऊन बसलेला असतो. तो खरा प्रिंटर नाही, तो फक्त पीडीएफ फाइल बनवतो. त्याच पानावर "लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर" असा एक स्विच असतो. तो चालू असेल तर शेवटी जो वापरला तोच विंडोज डिफॉल्ट करतं. तो बंद करा, मग आपल्या प्रिंटरवर क्लिक करून "सेट ॲज डिफॉल्ट" करा.

तिसरी गोष्ट. प्रिंटरच्या नावावर जाऊन "ओपन क्यू" उघडा. विंडोज १० मध्ये वरच्या "प्रिंटर" मेनूत "यूज प्रिंटर ऑफलाइन" आणि "पॉज प्रिंटिंग" असे दोन पर्याय असतात. त्यांच्यापुढं बरोबरची खूण असेल तर क्लिक करून काढा. विंडोज ११ मध्ये हा मेनू दिसला नाही तर पुढं जा.

पाइपात अडकलेलं काम

त्याच क्यूमध्ये दिलेल्या प्रिंटची यादी दिसते. प्रिंट निघाली नाही की आपण परत देतो, परत देतो. दहा प्रिंट रांगेत. पहिली अडकली की मागच्या सगळ्या अडकतात, ठिबकच्या तोंडाशी कचरा अडकल्यासारखं. मग केबल कितीही बदला, उपयोग नाही.

आधी सगळ्या प्रिंट "कॅन्सल" करा, प्रिंटर बंद करा, कॉम्प्युटर रिस्टार्ट करा. एवढ्यानं सुटत नसेल तर असं करा :

१) स्टार्टच्या शोधपट्टीत "सर्व्हिसेस" असं इंग्रजीत टाइप करा आणि ते उघडा.
२) यादीत "प्रिंट स्पूलर" शोधा. त्यावर राइट क्लिक करून "स्टॉप" करा.
३) सी ड्राइव्ह, त्यात विंडोज, त्यात सिस्टिम ३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स या फोल्डरमध्ये जा. परवानगी विचारली तर "कंटिन्यू" म्हणा. आतल्या फाइल काढून टाका. फक्त या फोल्डरच्या आतल्या. बाहेरच्या कशालाही हात लावू नका.
४) परत "प्रिंट स्पूलर" वर येऊन "स्टार्ट" करा.

स्पूलर म्हणजे प्रिंटची कामं रांगेत लावणारा मुकादम. त्याला थांबवून, रांग रिकामी करून परत कामाला लावायचं, एवढंच हे आहे. यात तुमची मूळ कागदपत्रं जात नाहीत.

वायफायचा प्रिंटर असेल तर

सगळ्यात आधी, तुमच्या प्रिंटरला वायफाय आहे का ते मॉडेलवरून बघा. नावं सारखीच असतात. एप्सनचा एल ३२१० फक्त केबलवर चालतो, एल ३२५० ला वायफाय आहे. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखे. केबलवाल्या प्रिंटरमध्ये वायफाय शोधत दिवस घालवू नका.

वायफाय असेल तर तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, दोघं एकाच वायफायवर आहेत का? आपल्याकडे हे फार होतं. प्रिंटर घरच्या राउटरवर जोडलेला असतो. राउटरचं नेट बंद पडतं म्हणून आपण मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडतो. आता लॅपटॉप एका जाळ्यात, प्रिंटर दुसऱ्या जाळ्यात. भेट होणारच कशी? लॅपटॉप परत राउटरवर आणा. राउटरला नेट नसलं तरी घरातल्या घरात प्रिंट निघते, प्रिंटला इंटरनेट लागत नाही.

दुसरी, २.४ आणि ५ चा घोळ. बऱ्याच घरगुती प्रिंटरना फक्त २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय कळतं. राउटरवर दोन नावं दिसत असतील आणि एकापुढं "५ जी" लिहिलं असेल, तर प्रिंटर जोडताना दुसरं नाव निवडा. या "५ जी" चा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी संबंध नाही.

तिसरी, लाईट गेल्यानंतरची. राउटर घरातल्या प्रत्येक मोबाइलला, प्रिंटरला एकेक नंबर देतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. लाईट जाऊन आली की हे नंबर बदलू शकतात. कॉम्प्युटर मात्र जुन्याच नंबरवर प्रिंट पाठवत राहतो, आणि प्रिंटर ऑफलाइन दिसतो. अशा वेळी "प्रिंटर्स अँड स्कॅनर्स" मध्ये प्रिंटर "रिमूव्ह" करा आणि "ॲड डिव्हाइस" करून परत जोडा. वरचेवर होत असेल तर राउटर बसवायला आलेल्या माणसाला सांगा, "प्रिंटरला कायमचा आयपी देऊन टाक." दोन मिनिटांचं काम आहे.

राउटर बदलला किंवा पासवर्ड बदलला असेल तर प्रिंटरला तो नव्यानं सांगावा लागतो. राउटरवर "डब्ल्यूपीएस" बटण असेल तर ते दाबा आणि दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरचं वायफाय बटण कंपनीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे दाबा. नाहीतर कंपनीचं मोबाइल ॲप वापरून जोडा.

शेवटी मोबाइलवरून तपासणी. मोबाइल त्याच वायफायवर ठेवा, एखादा फोटो उघडा आणि "प्रिंट" करा. मोबाइलवरून प्रिंट निघाली तर प्रिंटर आणि राउटर दोन्ही ठीक. दोष कॉम्प्युटरमध्ये. तिथं वायफायच्या सेटिंगमध्ये नेटवर्क "पब्लिक" असेल तर "प्रायव्हेट" करा. पब्लिक असताना विंडोज आजूबाजूच्या मशीनपासून अंतर ठेवून राहतं.

ड्रायव्हर परत टाकताना

वरचं सगळं करून जमलं नाही तर ड्रायव्हर काढून परत टाकायचा. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांच्यामधला दुभाषा. केबल काढा, प्रिंटर यादीतून रिमूव्ह करा, "ॲप्स" मध्ये प्रिंटरचं सॉफ्टवेअर दिसत असेल तर तेही काढा, रिस्टार्ट करा. मग नवीन ड्रायव्हर टाका. डाउनलोड करताना मॉडेल नंबर अक्षरन् अक्षर जुळवा, आणि विंडोज कोणतं, ३२ बिट की ६४ बिट, तेही बघा. सेटिंग्जमध्ये "सिस्टिम" आणि त्यात "अबाउट" इथं ते लिहिलेलं असतं.

सावधान : इथंच लोक फसतात

ही बातमी वाचून दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं ठेवा. गूगलवर प्रिंटरचं नाव टाकून "कस्टमर केअर नंबर" किंवा "ड्रायव्हर" शोधलं की वरती जाहिराती येतात. त्यातल्या काही खोट्या असतात. पान कंपनीसारखंच दिसतं, नंबर मात्र भामट्याचा. फोन केला की तो गोड बोलतो, एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाकायला लावतो, तुमची स्क्रीन त्याला दिसायला लागते. मग "दहा रुपये फी भरा" म्हणतो आणि तुम्ही बँकेचं ॲप उघडलं की खातं साफ.

म्हणून कस्टमर केअरचा नंबर प्रिंटरच्या खोक्यावरून, वॉरंटी कार्डवरून किंवा पुस्तिकेतून घ्या. ड्रायव्हर फक्त कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या. तिथं तो फुकट असतो. ड्रायव्हरला पैसे मागितले की समजा गडबड आहे. ओटीपी, पिन कुणालाही नाही. फसवणूक झालीच तर लाजून घरी बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

आजच मुदत आहे, मग?

तर प्रिंटरशी झटापट करत बसू नका. ज्या पीडीएफ प्रिंटरनं वर त्रास दिला तोच इथं कामाला येतो. प्रिंट देताना "मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ" निवडा, फाइल सेव्ह करा, पेन ड्राइव्हवर घ्या आणि गावातल्या सेवा केंद्रावर किंवा ज्याचा प्रिंटर चालू आहे त्याच्याकडे छापून आणा. आधार कार्ड असेल तर पहिले आकडे झाकलेलं "मास्क्ड आधार" चालतं का ते विचारून तेच द्या. छापून झालं की दुकानाच्या कॉम्प्युटरवर राहिलेली फाइल तुमच्यासमोर डिलीट करायला लावा. घरचा प्रिंटर उद्या सावकाश बघा.

दुकानात कधी न्यायचा?

झेरॉक्सही निघत नाही, लाल दिवा जात नाही. केबल, पोर्ट, लॅपटॉप तिन्ही बदलून बघितलं तरी "टुंग" वाजत नाही. पाऊस-विजांच्या रात्रीनंतर प्रिंटर मुका झाला. या तीन वेळी दुकानात न्या. आणि नेताना केबल बरोबर न्या, काय काय करून बघितलं ते सांगा. म्हणजे दुकानदाराचा वेळ वाचतो आणि "सॉफ्टवेअर मारावं लागेल" म्हणून उगाच बिल वाढत नाही. इंक टँकचा प्रिंटर मोटारसायकलवर आडवा बांधू नका, शाई आत सांडते. सरळ उभा ठेवून, चारचाकीत किंवा कुणाच्या तरी हातात धरून न्या.

जाता जाता एक काम आजच करा. प्रिंटरच्या मागं एक कागद चिकटवा. त्यावर मॉडेल नंबर, केबल कोणत्या पोर्टला, वायफायचं नाव, कंपनीचा खरा कस्टमर केअर नंबर आणि खरेदीची तारीख लिहून ठेवा. वायफायचा पासवर्ड मात्र घरच्या वहीत ठेवा. पुढच्या वेळी प्रिंटर अडला आणि घरात फक्त पोरं किंवा म्हातारी माणसं असली, तरी फोनवरून सांगून त्यांच्याकडून काम करून घेता येईल.